थायरॉइड भडकल्यावर हृदय का दमतं, आणि डॉक्टर ब्रेक इतका जपून का लावतात

रात्री पावणेदोनला कॅज्युअल्टीतून फोन आला की एक बाई वर पाठवतोय, दम आहे, पल्स खूप फास्ट आहे, बेड तयार ठेवा. काकू आल्या तेव्हा स्ट्रेचरवर आडव्या नव्हत्याच, दोन्ही हात मागे टेकवून बसलेल्या, आडवं करायला गेलं की "नको गं बाई, बुडल्यासारखं होतंय" म्हणून परत उठायच्या. मॉनिटर लावला तर 168, आणि तेही एका लयीत नाही, दोन ठोके जवळजवळ मग एक लांब, असे कसेही. ताप 103. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. इथपर्यंत आम्ही रोजच बघतो, हार्ट फेल्युअरचं चित्र. पण सुई लावायला मी त्यांचा हात हातात घेतला आणि तो गरम लागला. नुसता तापाचा गरम नाही, ओलसर, मऊ, आणि बोटं सरळ धरा म्हटलं तर बारीक थरथरत होती.

हार्ट फेल्युअरच्या सिरीयस पेशंटचा हात बहुतेक वेळा गार असतो. हृदय रक्त कमी फेकतं, मग शरीर हातापायाकडचं रक्त आवरून मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं, म्हणून बोटं गार, नखं फिकट. इथे छातीत पाणी, पायाला सूज, आणि हात मात्र गरम. मानेकडे बघितलं तर मधोमध गाठ फुगलेली. काकांना विचारलं, थायरॉइड आहे का? म्हणाले, "हो, गोळी चालू होती की, तीन महिने झाले बंद केली, बरं वाटत होतं ना तिला."

मी आयसीयूत नर्स आहे, सतरा वर्षं झाली. डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कुणी स्वतःची गोळी कमीजास्त करू नका. पण हा आजार नातेवाईकांना समजावून सांगताना मला नेहमी दिसतं की मूळ गोष्टच कुणी सांगितलेली नसते, म्हणून नीट सगळं लिहितेय. काकूंचं नाव-गाव सोडते.

थायरॉइड म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर येतं ते वजन वाढणं, सुस्ती, केस गळणं आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी. ते थायरॉइड कमी पडल्याचं. हे बरोबर त्याच्या उलटं, ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त हार्मोन बनवते. आणि रिपोर्ट वाचताना इथेच लोकांचा गोंधळ होतो, कारण टीएसएच अगदी कमी, 0.01 वगैरे आलेलं असतं आणि घरचे म्हणतात "थायरॉइड कमी आलंय". टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच, ती मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून थायरॉइडला गेलेली ऑर्डर आहे. माल बाजारात उतू जातोय म्हटल्यावर ऑर्डर बंद होणार, म्हणून टीएसएच शून्याला टेकतं आणि थायरॉइडची खरी हार्मोन्स, टी3 आणि टी4, वर जातात. ऑर्डर बंद असूनही कारखाना चालूच राहतो कारण बऱ्याच जणांमध्ये शरीराने स्वतःच बनवलेल्या अँटिबॉडीज थायरॉइडच्या त्याच बटणावर जाऊन बसतात जिथे टीएसएच बसायला हवं. याला ग्रेव्हज डिसीज म्हणतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हजनी 1835 मध्ये याचं वर्णन केलं आणि 1840 मध्ये जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग गावच्या कार्ल फॉन बाझेडोनी, आणि त्यांनी तीन खुणा सांगितल्या, गळ्याची गाठ, बाहेर आलेले डोळे आणि छातीतली धडधड. म्हणजे हृदयाचा संबंध पहिल्यापासूनच कळलेला होता, हार्मोनची रक्ततपासणी तर फार नंतर आली. ग्रेव्हजशिवाय गाठींमुळे पण होतं, आणि कधी थायरॉक्सिनची गोळी जास्त पोटात गेल्यामुळे पण.

आता हृदयाचं. आमच्या घरी शेती, त्यामुळे मला हे विहिरीवरच्या मोटरसारखंच दिसतं. एरवी आपण दारं धरतो तेव्हा एकेक वाफा उघडतो, हा भरला की तो, म्हणून पाच हॉर्सपॉवरची मोटर पुरते. समजा कुणीतरी शेतातली सगळीच दारं एकदम उघडून टाकली. पाणी कुठेच साठत नाही, सगळे वाफे मागतायत, मोटरला बंद व्हायला सवडच नाही. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की शरीरातल्या पेशी जास्त ऑक्सिजन जाळतात, उष्णता तयार होते, आणि बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, इतक्या की रक्ताला होणारा अडथळा निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो. हीच ती उघडी दारं, आणि हात गरम लागतो तो यानेच. वाहिन्या सैल झाल्या की किडनीला वाटतं रक्त कमी पडतंय, ती मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्ताचा एकूण साठा वाढतो, म्हणजे मोटरकडे पाणीही जास्त येतंय आणि मागणीही जास्त. वर हार्मोन थेट हृदयाच्या पेशीत शिरून तिला सांगतं की जोरात आवळ, पटपट सैल हो, आणि अॅड्रिनालिनला जास्त दाद दे. आराम करताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं, इथे ते दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतं. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या थोडं वर होतात. 140 धरले तर दोन लाख. झोपेत सुद्धा सुट्टी नाही.

तरुण हृदय हे बरेच दिवस सोसतं. तेव्हा पेशंटला धडधड, घाम, वजन उतरणं, चिडचिड, हात थरथरणं, वारंवार शौचाला लागणं एवढंच असतं, आणि किती जणींना त्यावर "टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेची गोळी मिळते हे मी ऐकलंय, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण एका टीएसएचच्या तपासणीत उलगडा होणारी गोष्ट आहे ही. पुढे मोटर तापते. हृदयाला भरायलाही वेळ लागतो ना, दोन ठोक्यांच्या मधल्या सवडीत रक्त आत येतं, ठोके इतके जवळ आले की अर्धवट भरलेलंच पिळलं जातं. त्यात वरचे कप्पे लय सोडून नुसते थरथरायला लागतात, एट्रियल फिब्रिलेशन, साध्या भाषेत एएफ. जास्त थायरॉइडच्या शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांना हे होतं, साठीनंतर जास्तच. वरचे कप्पे शेवटी जो एक रेटा देऊन खालचे कप्पे पूर्ण भरतात तो रेटाच जातो. मग रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात पाणी, पायाला सूज, लिव्हर सुजून उजव्या बरगडीखाली दुखणं. काहींचं हृदय नुसतं दमलेलं असतं पण आकुंचन चांगलं असतं, इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) 60 दिसतं, तरी दम असतो. काहींचा महिनोन्महिने वेगात धावून स्नायूच ढिला पडतो, इजेक्शन फ्रॅक्शन 30-35 वर येतं. काकूंचं 35 आलं. इको बेडपाशीच लगेच केला होता, तो का गरजेचा ते पुढे सांगते.

एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायला हवी, वजनकाटा इथे फसवतो. थायरॉइडने मांस झडत असतं आणि हृदयामुळे पाणी भरत असतं, दोन्ही एकमेकांना झाकतात आणि काटा म्हणतो वजन तेवढंच आहे. काकूंच्या दंडाची कातडी लोंबत होती, गालफडं बसलेली, आणि घोटे पावासारखे फुगलेले. काका म्हणत होते वजन तर उतरलं नाही, मग आजार कसला. बघायचं काय तर बांगडी कोपरापर्यंत सरकते का आणि त्याच वेळी चपलेचा पट्टा घट्ट होतोय का. रात्री एक उशी पुरायची ती आता तीन लागतात का. झोपेत नाडी किती. माणूस गाढ झोपलेला असताना मनगटावर मिनिटभर मोजा, झोपेतही शंभराच्या पुढे असेल तर ते टेन्शन नाही.

म्हाताऱ्या माणसांत तर याहून अवघड, घाम नाही, थरथर नाही, डोळे बाहेर नाहीत, आजी फक्त गप्प गप्प, जेवत नाहीत, बारीक होतायत, आणि अचानक एएफ नाहीतर दम. वयामुळे असेल म्हणून सोडून देतात. म्हणूनच नव्याने एएफ किंवा हार्ट फेल्युअर निघालं की टीएसएच करतात, आणि नाही केलं तर तुम्ही विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

काकूंना जे झालं होतं ते याचं टोक, थायरॉइड स्टॉर्म. स्टॉर्म आहे की नाही हे रक्तातला आकडा ठरवत नाही, साध्या जास्त थायरॉइडच्या आणि स्टॉर्मच्या पेशंटचे टी4 सारखेही असू शकतात. ताप किती, भान कसं आहे, पोट-लिव्हर, पल्स, हार्ट फेल्युअर, एएफ, आणि काही निमित्त झालं का, या सगळ्याला मार्क देतात, 1993 पासून ही बर्च-वार्टोफस्की यांची मार्कांची पद्धत वापरात आहे. 45 च्या वर गेलं की स्टॉर्मची दाट शक्यता. काकू शंभराच्या पुढे होत्या, मधेच मला "माहेरची गाडी आली का" असं विचारत होत्या. निमित्त बहुतेक वेळा साधं असतं, छातीचं इन्फेक्शन, ऑपरेशन, बाळंतपण, आणि सगळ्यात जास्त दिसतं ते गोळ्या सोडणं. यांना दोन्ही होतं, गोळी बंद आणि वर न्यूमोनिया. उपचार मिळूनही स्टॉर्ममध्ये दहातला एखादा पेशंट जातो, कुठे कुठे त्याहून जास्त, म्हणून रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात.

सुरू करतात म्हणजे काय. पहिलं, कारखाना बंद. नाकातून नळी टाकली आणि कार्बिमॅझोल, म्हणजे दुकानात नियोमर्काझोल म्हणून मिळते ती, कुटून पाण्यातून दिली. दुसरी एक गोळी आहे, प्रोपिलथायोयुरॅसिल, पीटीयू म्हणतात, ती नवीन हार्मोन तर थांबवतेच शिवाय टी4 चं टी3 होणंही कमी करते, टी3 हाच खरा मारणारा असल्यामुळे स्टॉर्ममध्ये तिला पसंती देतात, पण लिव्हरला ती जड जाऊ शकते. मग घड्याळ लावून एक तास थांबायचं आणि मगच आयोडीन, लुगॉल्सचे ते तपकिरी थेंब. हा तास पाळायलाच लागतो. जास्तीचं आयोडीन एकदम मिळालं की थायरॉइड तात्पुरती दार लावून घेते, साठवलेलं हार्मोन बाहेर सोडत नाही, हा आपला फायदा, पण आयोडीन हाच हार्मोनचा कच्चा माल आहे, कारखाना आधी बंद न करता माल आत टाकला तर तो त्याचंच हार्मोन बनवेल. म्हणून आधी गोळी मग थेंब. तिसरं, हायड्रोकॉर्टिसोन, तेही टी3 होणं कमी करतं आणि या धावपळीत शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल कमी पडू शकतं ते भरून काढतं. तापाला पॅरासिटामॉल आणि ओल्या फडक्याने पुसणं. ताप म्हणून अॅस्पिरिन देत नाहीत, कारण हार्मोन रक्तात प्रोटीनच्या पाठीवर बसून फिरत असतं आणि पाठीवर असेपर्यंत निरुपद्रवी असतं, अॅस्पिरिन त्याला खाली उतरवतं आणि मोकळं हार्मोन वाढतं. हे घरी पण लागू आहे.

पाण्याचं गणित या पेशंटमध्ये मला सगळ्यात अवघड वाटतं. काकूंची जीभ लाकडासारखी कोरडी, ताप, घाम, दोन दिवस जुलाब, म्हणजे शरीरात पाणी कमी. आणि फुप्फुसात मात्र खालपर्यंत बुडबुडे. सलाईन धो धो सोडलं तर बुडतील, लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, मारत बसलं तर बीपी बसेल. मग तोंडाला बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा आत देणाऱ्या मशीनचा, मास्क, डोकं वर, लॅसिक्स थोडं, तासातासाला लघवी मोजायची, परत स्टेथो लावायचा, परत ठरवायचं. नातेवाईक विचारतात "सलाईन एवढं हळू का चालू आहे", ते यासाठी.

आता ब्रेक. 168 ची पल्स बघून कुणालाही वाटेल आधी ती खाली आणा, आणि त्यासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे अॅड्रिनालिनचा असर अडवून पल्स उतरवणारी औषधं, आहेतच, थायरॉइडमध्ये प्रोप्रॅनोलॉल तर वर्षानुवर्षं देतात, साध्या केसमध्ये ती गोळी पहिल्या दोन दिवसांतच पेशंटला माणसात आणते. ज्यांचं आकुंचन चांगलं आहे आणि दम फक्त वेगामुळे आहे त्यांना स्टॉर्ममध्येही तिचा फार उपयोग होतो. पण माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसरीकडे होते तेव्हा, एक बाई अशाच आल्या होत्या. पल्स 170, छातीत पाणी. पल्स कमी करायचं इंजेक्शन पूर्ण डोसमध्ये गेलं, इको झाला नव्हता, थायरॉइड तर कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पल्स उतरली, 110, आम्ही एकमेकांकडे बघून सुटलो म्हणालो, आणि मी बीपीचा पट्टा बांधायला हात धरला तर तो गार. दहा मिनिटांपूर्वी गरम होता. बीपी 70. तीन दिवस व्हेंटिलेटर लागला, त्या वाचल्या, पण तो हात मी विसरलेले नाही.

झालं काय होतं ते मला नंतर कळलं. हृदयाचा स्नायू ढिला असेल तर एकेका ठोक्यात थोडंच रक्त जातं, मग बाहेर पुरेसं पडायला ठोक्यांची संख्याच कामाला येते. म्हणजे तो वेग आजारही असतो आणि आधारही. वर अॅड्रिनालिनच्या जोरावर कसंबसं आवळणारं हृदय, बीटा ब्लॉकरने दोन्ही एकदम काढून घेतलं की कोसळतं. चढावर ओझ्याची गाडी ओढणाऱ्या थकलेल्या बैलाचा कासरा एकदम ओढल्यासारखं. डिल्टियाझेम, व्हेरापामिल या पल्स उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधांनीही असंच होऊ शकतं. आणि प्रोप्रॅनोलॉलचा परिणाम तासन्तास राहतो, दिल्यावर परत घेता येत नाही.

म्हणून काकूंचा इको आधी. 35 बघितल्यावर डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल लिहिलीच नाही, एस्मोलॉल, तेही बीटा ब्लॉकरच, पंपावर लावलं, अगदी थोड्या डोसने. एस्मोलॉलचा अर्धा असर नऊ-एक मिनिटांत उतरतो, काही बिघडलं तर पंप बंद करायचा आणि अर्ध्या तासाच्या आत जवळजवळ सगळं निघून जातं. ब्रेकवर पाय ठेवायचा पण लगेच उचलता येईल असा. टार्गेट पण 70-80 चं नव्हतं, मला सांगितलं सिस्टर आज आपल्याला 110-120 पुरे, आणि दर पंधरा मिनिटांनी हात बघा. बीपी बघा म्हणाले नाहीत आधी, हात बघा म्हणाले. बीपी पडायच्या आधी हात सांगतो, गुडघ्याची कातडी सांगते, लघवी कमी होते. पहाटे साडेपाचला पल्स 124, हात गरमच, लघवीची पिशवी भरायला लागली होती. काकू मास्कमधून "पाणी" म्हणाल्या, ते नीट भानावर येऊन म्हणाल्या.

याने नाही भागलं तर कोलेस्टायरामिनची पावडर देतात, हार्मोन लिव्हरमधून आतड्यात येऊन परत रक्तात शोषलं जातं ते आतड्यातच धरून बाहेर काढायला, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर प्लाझ्मा बदलतात. मोठ्या सेंटरला होतं ते.

एएफचं वेगळं. शॉक देऊन लय लगेच सरळ करायची घाई सहसा करत नाहीत, बीपी कोसळत असेल तर गोष्ट वेगळी. कारण थायरॉइड भडकलेलं असेपर्यंत ती परत बिघडते, आणि उलट थायरॉइड नॉर्मल झालं की निम्म्याहून जास्त जणांची लय आपोआप जागेवर येते, बहुतेकांची पहिल्या चार महिन्यांत. तोपर्यंत थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध लागेल का हे बघतात. वॉर्फरिन असेल तर जरा जास्त सावध. जास्त थायरॉइडमध्ये रक्त गोठवणारे घटक लवकर संपतात म्हणून थोडक्या गोळीनेही आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, उडतो, आणि थायरॉइड आटोक्यात आलं की तीच गोळी अपुरी पडते. डिगॉक्सिन या एएफमध्ये पल्स आवरायच्या गोळीचंही डोस बदलण्याचंच, सुरुवातीला शरीर ती पटकन संपवतं म्हणून डोस वाढवावा लागतो, आणि थायरॉइड शांत झाल्यावर तोच डोस विषारी होऊ शकतो. म्हणजे घरी गेल्यावर "गोळ्या त्याच चालू ठेवल्यात" हे इथे पुरेसं नाही, पहिले काही महिने गोळ्या बदलत राहणं हाच उपचार आहे, फॉलोअप चुकवू नका.

अमिओडारोनबद्दल मुद्दाम लिहिते कारण आपल्याकडे एएफ म्हटलं की ही गोळी बऱ्याच जणांना चालू असते. 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं. माणसाची दिवसाची गरज आहे 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका गोळीत पाचशे दिवसांचं. सगळं एकदम सुटत नाही, पण औषध चरबीत साठून महिनोन्महिने राहतं, आणि काहींचं थायरॉइड त्यानेच भडकतं, काहींचं बंद पडतं. ही गोळी चालू असेल तर सुरू करताना आणि मग दर सहा महिन्यांनी वगैरे थायरॉइडची तपासणी हवीच. अँजिओग्राफीचं आणि सीटी स्कॅनचं जे डाय शिरेतून देतात त्यातही भरपूर आयोडीन असतं, तेव्हा गाठ असेल किंवा थायरॉइड वाढलेलं असेल तर मशीनवर झोपायच्या आधी सांगा. मिठातल्या आयोडीनला मात्र घाबरू नका, ते त्या मानाने किरकोळ आहे, हार्ट फेल्युअरमध्ये मीठ कमी करायला सांगतात ते सोडियमसाठी, आयोडीनसाठी नाही. आणि वजन उतरवायच्या पुड्यांमध्ये कधी थायरॉइडचंच हार्मोन मिसळलेलं सापडलंय, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलमध्ये आयोडीन असतं, या पेशंटच्या घरात हे काहीच नको. बायोटिन, केसांसाठी घेतात ते, रिपोर्टच चुकवतं, काही मशीनवर थायरॉइड जास्त आहे असं खोटंच दाखवतं, तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतात.

कार्बिमॅझोल किंवा पीटीयू घेणाऱ्या प्रत्येकाला मी डिस्चार्जच्या कागदावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून देते: ताप आला, घसा दुखला, तोंड आलं तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, करून डॉक्टरांना दाखवायचं. हजारात दोन-पाच जणांत या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि मग साधं घशाचं इन्फेक्शन जीवावर बेततं. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तरी तसंच. पण एवढं सोडून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, बरं वाटलं म्हणून तर अजिबातच नाही. घरात मूल होण्याचा विचार असेल तर आधीच बोला, कारण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमॅझोल बाळासाठी टाळतात आणि पीटीयू देतात.

काकू अकराव्या दिवशी घरी गेल्या. कार्बिमॅझोल, हृदयासाठी थोड्या गोळ्या, बीटा ब्लॉकरची छोटी गोळी हळूहळू वाढवत, रोज सकाळी लघवी करून आल्यावर चहाच्या आधी वजन, वहीत. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर फोन. काकांनी वही अशी ठेवली की दुधाच्या हिशेबाची वही वाटावी, आणि पाचव्या पानावर वजनाशेजारी पेन्सिलने "चप्पल सैल" लिहिलेलं.

चार महिन्यांनी ओपीडीत भेटल्या. पल्स 78, एका लयीत, इको 35 वरून 55. सगळ्यांचंच एवढं परत येत नाही, जितके दिवस हृदय जास्त वेगात गेलेलं आणि आधीचा आजार जितका जास्त तितकं कमी येतं, पण हार्ट फेल्युअरच्या कारणांमध्ये मूळ आजार आवरल्यावर इतकं मागे फिरणारं हे फार थोड्यांपैकी एक आहे. टी4 नॉर्मल होता, टीएसएच अजून 0.01च, त्यावर काका घाबरले होते. ते असंच राहतं बरेच महिने, पिट्युटरी इतके दिवस गप्प बसलेली असते की टी4 जागेवर आल्यावरही तिला ऑर्डर द्यायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही महिने डॉक्टर टी4, टी3 बघून डोस ठरवतात, टीएसएच बघून नाही. टीएसएच खाली आहे म्हणून गोळी वाढवत गेलं तर थायरॉइड पार कमी होतं आणि तेही हृदयाला चालत नाही.

आता पुढचं ठरलंय ते रेडिओआयोडीन. एकदा स्टॉर्म आणि हृदय दोन्ही झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा तो धोका नको म्हणून ग्रंथीच कायमची शांत करायची, एकतर ऑपरेशन नाहीतर हे. 1941 मध्ये अमेरिकेत बोस्टनला सॉल हर्ट्झ यांनी पहिल्यांदा पेशंटला दिलं, आपल्याकडे परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे. आयोडीन-131 तोंडावाटे देतात, ते थायरॉइडमध्ये जाऊन बसतं आणि आतून पेशी जाळतं, आठ दिवसांत त्याची ताकद निम्मी होते. नंतर बहुतेकांना आयुष्यभर थायरॉक्सिनची सकाळची गोळी लागते, ते काकूंना आधीच सांगून ठेवलंय. पेशी फुटताना साठलेलं हार्मोन बाहेर सांडू शकतं, म्हणून हृदयाच्या पेशंटचं थायरॉइड आधी गोळ्यांनी नॉर्मलला आणूनच पाठवतात. कार्बिमॅझोल काही दिवस आधी थांबवायचीय, बीटा ब्लॉकर मात्र एकही दिवस चुकवायची नाही. कुठली बंद आणि कुठली चालू यात घोळ नको म्हणून काकांनी दोन वेगळे डबे केलेत, बंद करायच्या गोळीच्या डब्यावर लाल दोरा बांधलाय, आणि तारीख मी लिहून दिलीय.